मंग हे काहून दुखून राह्यलं?

"डाक्टरसाहेब, क्यान्सर त गेला म्हंतेत, मंग हे हाडं काहून दुखून राह्यले?" परतवाड्याच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न या ना त्या शब्दांत येतच असतो. विचारणाऱ्याच्या पिशवीत नागपूरची नाहीतर मुंबईची जाडजूड फाईल असते. वरच्याच कागदावर रोग आटोक्यात असल्याचं लिहिलेलं असतं. सोबतचा मुलगा किंवा जावई जरा ओशाळलेला असतो. मोठ्या दवाखान्यानं बरं ठरवलेल्या माणसाला पुन्हा डॉक्टरच्या दारात आणल्याचा तो संकोच.

मी मूळचा भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेपुरती वेदना थांबवता थांबवता वर्षानुवर्षं न थांबणाऱ्या वेदनेकडे वळलो. अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव सुर्जी, धारणी या भागातले रक्ताच्या कर्करोगातून वाचलेले रुग्ण माझ्याकडे येतात. त्यांच्या अनुभवावरून मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. हे दुखणं खरं असतं, त्याला कारण असतं आणि ते कारण बहुतेक वेळा शोधून सापडतं. रोग गेला, आता दुखणंही आपोआप जाईल, अशी वाट बघत बसण्यात माणसाची उमेदीची वर्षं जातात.

सगळ्यात जास्त हाडं दुखतात ती मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांची. हा रोग अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा. त्याच्या पहिल्या नीट नोंदलेल्या रुग्णांपैकी एक म्हणजे लंडनची सारा न्यूबरी. ही ३९ वर्षांची बाई १८४४ साली सेंट थॉमस रुग्णालयात वारली. नवऱ्यानं उचलून पलंगावर ठेवताना तिच्या मांड्यांची हाडं मोडली होती. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सॅम्युएल सॉली यांनी तिला दिलं काय, तर संत्र्याच्या सालीचा अर्क, रेवाचिनीची गोळी आणि रात्री अफू. संत्र्याच्या बागांनी वेढलेल्या आमच्या तालुक्यात ही गोष्ट सांगितली की हमखास कुणीतरी विचारतं, "मंग साली उकळून प्याव का?" नको. त्या तीन औषधांपैकी कामाचं एकच होतं, आणि त्याबद्दल पुढे लिहितो.

आपलं हाड आयुष्यभर मोडत आणि बांधत असतं. जुनं हाड खाणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं रचणाऱ्या वेगळ्या. मायलोमाच्या पेशी खाणाऱ्यांना चिथावतात आणि रचणाऱ्यांना दाबून टाकतात. मग मणके, फासळ्या, कंबरेचं हाड, कवटी, जिथे मज्जा आहे तिथे भोकं पडतात. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड यांसारख्या औषधांनी आणि मज्जा प्रत्यारोपणानं आज रोग वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. पण वाळवी मारली म्हणून पोखरलेली मयाल भरून येत नाही, तसं हाडातलं ते भोक अनेकदा तसंच राहतं. मणके दबून माणूस दोन-चार सेंटिमीटर बुटका होतो, पाठीला पोक येतं, आणि त्या वाकलेल्या पाठीला सावरून धरणारे स्नायू संध्याकाळपर्यंत थकून ठणकायला लागतात. हाडावरच्या पातळ आवरणात मज्जातंतूंचं दाट जाळं असतं, म्हणून हाडाचं दुखणं इतकं जीव घेतं. रक्ताच्या अहवालात यातलं काही दिसत नाही. तो अहवाल रोगाचा असतो, मणक्याचा नव्हे.

आता आपल्याकडचं काम बघा. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचायचा, पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घ्यायचा, संत्र्याचे कॅरेट उचलून गाडीत टाकायचे. मायलोमातून उठलेल्या माणसाच्या मणक्याला सगळ्यात वाईट काय, तर पुढे वाकून वजन उचलणं. मी रुग्णांना काम सोडायला सांगत नाही. सांगून ते ऐकणारही नाहीत, आणि ऐकू नयेच. अंथरुणावर पडून राहिल्यानं हाड आणखी विरळ होतं. वेचणी सोडा, पण बागेत ओलिताकडे बघा, गुडघ्यात वाकून उचला, पाच किलोच्या वर जाऊ नका, रोज सपाट रस्त्यावर चाला. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून खड्ड्यांतून जाणं मात्र कडक बंद. एका आदळ्यानं मणका बसलेला मी पाहिला आहे.

त्याहून कडक बंदी आहे ती 'नस बसवून' देणाऱ्यांवर आणि पाठीवर पाय देऊन मोकळं करणाऱ्यांवर. निरोगी माणसाची पाठ त्यांनी कडकडवली तर एखाद्या वेळी बरंही वाटेल. पोखरलेल्या मणक्यावर तोच दाब पडला तर मज्जारज्जू चेपून पाय कायमचे जाऊ शकतात. तीच गोष्ट मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांची. मायलोमाच्या रुग्णाची मूत्रपिंडं आधीच नाजूक झालेली असतात. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक ही त्यांच्यासाठी धोक्याची औषधं. सांधेदुखीवर रामबाण म्हणून बाजारात मिळणाऱ्या बेनामी पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस माणूस उड्या मारतो आणि आतून हाड आणखी ठिसूळ होत जातं.

खरा उपाय आहे झोलेड्रोनिक ॲसिड नावाचं सलाइन. ते हाड खाणाऱ्या पेशींना आवरतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीनं २०१० साली दाखवून दिलं की या औषधानं मायलोमाच्या रुग्णांची हाडं कमी मोडतात, एवढंच नव्हे तर रुग्ण अधिक जगतात. देण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी लागते, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तरी ड जीवनसत्त्व कमी निघतं, कारण त्या उन्हात अंग उघडं टाकून बसतं कोण! आणखी एक तपासणी लागते दातांची. या औषधावर असताना दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून कुजण्याचा धोका असतो. विदर्भात खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडाची अवस्था काय असते ते मी वाचकांना सांगायला नको. दात आधी दाखवा, सलाइन नंतर.

मुलांची गोष्ट वेगळी. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग, आणि आज त्यातली बहुसंख्य मुलं बरी होऊ शकतात. डॉ. सुरेश अडवाणी यांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली देशातलं पहिलं मज्जा प्रत्यारोपण केलं. लहानपणी पोलिओ झालेल्या या डॉक्टरांनी चाकाच्या खुर्चीत बसून ते सगळं काम उभं केलं. त्याच रुग्णालयात ऐंशीच्या दशकात मुलांच्या ल्युकेमियाची भारताला परवडेल अशी उपचारपद्धतीही रुजली. या उपचारात स्टिरॉइड टाळता येत नाही. त्यानं काही मुलांच्या, विशेषतः दहा वर्षांपुढच्यांच्या, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तो भाग मरतो. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की खुबा बिघडतो आणि दुखतो गुडघा. आई गुडघ्याला तेल चोळत राहते, गुडघ्याचा एक्सरे स्वच्छ येतो, आणि "शाळा चुकवायचे बहाणे" म्हणून पोरगं बोलणी खातं. ल्युकेमियातून बरं झालेलं मूल लंगडायला लागलं तर खुब्याचा एमआरआय काढा. एक्सरेत हा बिघाड उशिरा दिसतो. विदर्भात सिकलसेलमुळेही तरुणांचे खुबे असेच जातात, तेव्हा तीही तपासणी राहून जाऊ नये. वेळेत कळलं तर खुब्यावरचा भार कमी करून आणि काही वेळा छोट्या शस्त्रक्रियेनं तो वाचवता येतो. उशीर झाला तर विशीत खुबा बदलायची वेळ येते.

आता क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. हा रोग एका गोळीनं शरण आणला. इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ साली परवानगी मिळाली. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर पडायची, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत. त्या कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, म्हणून ही गोळी आज आमच्या शेतकऱ्याच्या घरात आहे. गोळी चालू असताना पोटऱ्यांत गोळे येतात, हाडं कुरकुरतात. बरेच जण ते सोसतात. पुढे काही वर्षं रोगाचा मागमूस राहिला नाही की निवडक रुग्णांची गोळी थांबवून बघतात. फ्रान्समधल्या पहिल्या मोठ्या चाचणीत अशा दर दहांतले चार जण गोळीविना ठीक राहिले. इथे मात्र एक विचित्र प्रकार घडतो. औषध बंद झालं आणि दुखणं सुरू झालं! खांदे, खुबे, मांड्या, सकाळी उठवत नाही. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी २०१४ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं. गोळी थांबवलेल्या पन्नास रुग्णांपैकी पंधरांना एक ते सहा आठवड्यांत असं दुखणं लागलं होतं. रुग्णाला वाटतं रोग उलटला. प्रत्यक्षात रक्ताची पीसीआर तपासणी स्वच्छ असते. साध्या वेदनाशामकांनी, क्वचित थोड्या दिवसांच्या स्टिरॉइडनं ते आवरतं आणि बहुतेकांचं काही महिन्यांत ओसरतं. ही गोष्ट गोळी थांबवतानाच रुग्णाला सांगून ठेवली तर त्याच्या कितीतरी रात्री वाचतील. अर्थात गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. पैसे वाचवायला ती दिवसाआड घेणारे लोक मला भेटतात, त्यांना मी रागावतो.

विन्क्रिस्टिन, बोर्टेझोमिब, थॅलिडोमाइड ही औषधं हाडांना नव्हे, नसांना लागतात. तळव्यांची आग, मुंग्या, बधिरपणा. रुग्ण त्यालाही 'हाडं दुखतात' असंच म्हणतो, म्हणून नीट विचारावं लागतं: ठणका आहे, कळ येते की आग होते? आग असेल तर ड्युलॉक्सेटिनसारखी नसांची औषधं उपयोगी पडतात, पॅरासिटामॉलनं काही होत नाही. अशा बधिर पायांना गरम विटेचा शेक देऊ नका. चटका कळत नाही आणि फोड येतो. मेच्या उन्हात अनवाणी देवाला जाणंही नको.

कारण कुठलंही असो, रात्री प्रत्येकाच्या मनात एकच विचार असतो, परत आला का? भीतीनं झोप जाते, झोप गेली की वेदना वाढते. सतत दुखत राहिलेल्या शरीरात मेंदू आणि मज्जारज्जूही हळवे होतात; मूळ इजा निवली तरी ते धोक्याची घंटा वाजवत राहतात. याला 'मनाचं दुखणं' म्हणून झटकून टाकणारे डॉक्टर मला मंजूर नाहीत. माझा नियम साधा आहे. नव्या जागी सुरू झालेलं, झोपेतून उठवणारं, आठवड्यागणिक वाढणारं दुखणं लगेच तपासायचं. पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा ताप आला तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. यातलं काही नसेल तर ठरलेल्या तारखेची तपासणी पुरे, मधल्या काळात दर महिन्याला रक्त तपासत सुटायचं नाही.

आणि ती अफू. तिच्यापासून निघणारं मॉर्फिन हे आजही तीव्र हाडदुखीवरचं भरवशाचं औषध आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं ते डॉक्टरांनाही दुर्मीळ करून टाकलं होतं. २०१४च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त दवाखान्यांसाठी वाट सोपी झाली. तरी मॉर्फिन म्हटलं की नातेवाइकांच्या तोंडचं पाणी पळतं, "म्हणजे शेवटचं का?" शेवटचं नाही. मोडू घातलेल्या हाडाच्या दुखण्यात थोडे दिवस, मोजून, देखरेखीखाली द्यायचं ते औषध आहे. वर्षानुवर्षांच्या दुखण्यावर मात्र मी ते सहसा वापरत नाही. तिथे व्यायाम, नसांची औषधं, गरज पडली तर एका जागी किरणोपचार किंवा दबलेल्या मणक्यात सिमेंट भरणं, हेच कामाला येतं.

आता खरी अडचण. गाडगेबाबा इथलेच, शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटात गेलेल्या आमच्या किती रुग्णांचा महिनोन्‌महिने आधार झाली आहे. उपचाराला जायची वाट अशी कुणी ना कुणी बांधून ठेवली. बरं होऊन घरी आल्यावर काय? आमची शकुंतला रेल्वेगाडी बंद पडली. परतवाड्याहून अमरावती पन्नासेक किलोमीटर, नागपूर त्याच्या पुढे दीडशेवर. दुखऱ्या मणक्यानं एवढी एसटी करायची आणि तिथे ऐकायचं काय, तर "रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजी करू नका." त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्या दाराशी नव्या रुग्णांची रांग असते. पण दुखणं गावात राहतं, तेव्हा त्याचा दवाखानाही गावाजवळच हवा.

त्यासाठी नवी इमारत लागत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस वेदनेसाठी ठेवावा. तिथे एक वैद्यकीय अधिकारी, एक फिजिओथेरपिस्ट, मॉर्फिनचा परवाना आणि मोठ्या दवाखान्यातल्या रक्तविकार विभागाशी फोनवर बोलायची सोय असली की बरंचसं काम भागेल. दिवाळीनंतर आमच्याकडे थंडी पडते, बहिरमच्या यात्रेचे दिवस येतात आणि हाडदुखीचे रुग्णही वाढतात. आमदार, जिल्हा परिषद सदस्य, आरोग्य अधिकारी यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर यंदाच्या थंडीत एवढी एक सुरुवात करावी. आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी "रिपोर्ट त नॉर्मल हाये ना" हे वाक्य तेवढं बोलू नये. कुठे दुखतं, केव्हा दुखतं, कशानं कमी होतं, ते एका वहीत लिहून पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे ठेवावं.