होन घेण्याआधी

सातारा, बुधवार

चि. मनू,



तू पाठवलेले तिन्ही फोटो सकाळी पाहिले, भिंग घेऊन पुन्हा पाहिले आणि आता दुपारी लिहायला बसलोय. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं. लिहून झालं की शेजारच्या मुलाला कागदांचे फोटो काढायला सांगतो आणि तुला व्हॉट्सॲपवर पाठवतो. सावकाश वाच. तोवर त्या माणसाला एक रुपयाही पाठवू नकोस.

दाजींच्या एकसष्टीला शिवरायांचा सोन्याचा होन द्यायचं तुझ्या मनात आलं, याने मला भरून आलं. गुडघे दुखत असले तरी दर वर्षी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगड चढणारा माणूस आहे तो. त्यांच्या तळहातावर होन ठेवल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल ते मला इथे बसून दिसतंय. म्हणूनच जीव घाबरा झाला. त्या तळहातावर खोटं नाणं पडता कामा नये.

लिलावात बोली १८,५०० वर आहे आणि रविवारी रात्री दहाला लिलाव संपणार, असं तू लिहिलंस. काल विकणाऱ्याने तुला वेगळा मेसेज केला, की ४५,००० देत असशील तर लिलावातून काढून तुलाच देतो, अर्धे पैसे आगाऊ, यूपीआयवर. सोबत ‘रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र’ आहे, आणि नाणं रायगडाच्या पायथ्याशी शेत नांगरताना सापडल्याची हकिगतही आहे. तुला त्या हकिगतीनेच भुरळ घातली, हे तुझ्या अक्षराअक्षरातून कळतंय. म्हणून आधी तिच्याबद्दल.

ही हकिगत खोटी असेल तर तू फसतेस. पण ती खरी असेल तर? त्याचा विचार केलास का? जमिनीत सापडलेलं असं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १८७८ चा कायदा आहे तो, अजून लागू आहे. म्हणजे खऱ्या हकिगतीचा होन घेतलास तर लपवलेली वस्तू घेतलीस. आणि कायद्यापेक्षाही दुसरी गोष्ट माझ्या मनाला जास्त लागते. नाणं जमिनीतून निघतं तेव्हा ते एकटं नसतं. कुठल्या जागी होतं, किती खोल होतं, गाडग्यात होतं की सुटं, त्याच्याबरोबर आणखी कोणती नाणी होती, यातून तो पैसा कुणी, कधी, कशाच्या भीतीने पुरला असेल ते अभ्यासकांना कळतं. एका गाडग्यातले दहा होन दहा गिऱ्हाइकांकडे गेले की उरतं ते फक्त सोनं. महाराजांच्या नाण्यावर प्रेम करणाऱ्यानेच महाराजांच्या काळाचा पुरावा पुसायचा, हे मला सहन होत नाही. ‘गडावर सापडलं’ हे शब्द कुठल्याही लिलावात दिसले की मी पान बंद करतो. खरं असो वा खोटं, दोन्हीकडून ते नाणं आपलं नव्हे.

मग होन विकत घ्यायचाच नाही का? घ्यावा. पण त्याची वाट दिसली पाहिजे. अमुक घराण्याच्या किंवा संग्राहकाच्या संग्रहात होता, अमुक वर्षीच्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये छापला होता, हे त्याचं जुनं बिल, असं विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्याकडे कायद्याने पुरावस्तू ठरतं. १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून परवाना आणि पक्कं बिल मागायला संकोचू नकोस. जुना, जाणता व्यापारी हे विचारल्यावर रागावत नाही. आता आपल्याशी नीट बोललं पाहिजे, हे त्याला त्यातूनच कळतं.

रिझर्व्ह बँकेचं ते प्रमाणपत्र साफ खोटं आहे. जुनी नाणी आणि नोटांच्या खरेदी-विक्रीत आमच्या नावाने शुल्क, कमिशन, कर मागितले जात आहेत, आमचा या व्यवहारांशी संबंध नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय. नाण्याच्या खरेपणाचे दाखले देणं हे तिचं कामच नाही. एवढ्या एका कागदावरच मी तो माणूस बाद केला असता.

आता नाण्याकडे येऊ. होन लहान असतो, वजन साधारण पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. विकणाऱ्याने वजन कुठेच दिलेलं नाही. सराफी काट्यावर दोन दशांशांपर्यंत मोजलेलं वजन नाही, तर बोली नाही, हा नियम कर. तुझ्या गल्लीतल्या सराफाला विचार, पावणेतीन ग्रॅम सोन्याला आज काय पडतं. १८,५०० त नुसतं सोनंही येत नाही. अर्थात चालू लिलावातली बोली कमी असणं हा स्वतःहून पुरावा नव्हे, खरे गिऱ्हाईक शेवटच्या मिनिटांत उतरतात. पण खऱ्या होनाची बोली लाखांत जाते, हे ज्याला माहीत आहे तो माणूस होन ४५,००० ला, तोही चार दिवस आधी, का देईल?

फोटोंत मला जे दिसलं ते सांगतो, पण फोटोवरून शेवटचा निकाल देणार नाही. खरं नाणं ठशाखाली हातोड्याने पाडलेलं असतं. घावाने धातू दबतो, सरकतो, अक्षराची कड उभी आणि धारदार राहते, झिजली तरी झिजेला एक दिशा असते. साच्यात ओतलेल्या नाण्याची कड गोल, साबणासारखी मऊ दिसते आणि सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खळगे असतात, हवेचे बुडबुडे राहिल्याने. तुझ्या दुसऱ्या फोटोत ‘जा’च्या कान्याशेजारी तसे तीन खळगे मला दिसले. काठाचा फोटो त्याने दिलेलाच नाही, आणि ओतीव नाण्याचा सांधा काठावरच सापडतो. एक मात्र लक्षात ठेव, अक्षरं वेगळी दिसली म्हणून लगेच खोटं म्हणायचं नाही. महाराजांचं तांब्याचं नाणं, शिवराई, तर पुढे पेशवाईभर ठिकठिकाणच्या टांकसाळींत पाडलं गेलं. त्यामुळे ‘शिव’ कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे ‘सिव’ असंही दिसतं. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरचा १९८९ चा ग्रंथ नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने काढलाय. तो एकदा चाळलास की डोळा तयार व्हायला लागतो. नाण्याआधी पुस्तक घ्यावं, हे मी फार उशिरा शिकलो.

कसं शिकलो तेही सांगतो. तुझ्या आईलाही हे माहीत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात मी सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया घेतला. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि १९३९ चे रुपये बाजारात फारच थोडे दिसतात. मी सात हजारांची मर्यादा ठरवली होती. रात्री साडेदहाला समोरच्याने साडेसात केले, मी आठ केले. मग साडेआठ, नऊ. पावणेअकराला मी तेरा हजारांवर होतो, तळहात ओले झाले होते, आणि तो रुपया मला हवा होता की त्या अनोळखी माणसाला हरवायचं होतं, हे माझं मला कळत नव्हतं. रुपया घरी आला. वजन बरोबर, चांदी बरोबर, आवाज बरोबर. भिंगाखाली धरला तर शेवटच्या ९ च्या खाली, डाव्या बाजूला धातू खरवडलेला. १९३८ चा साधा रुपया होता. ८ चं पोट कापून ९ केला होता. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. पुढे लक्षात आलं, माझ्याशी झुंजणारा तो बोलीदार त्याच विकणाऱ्याच्या लिलावांत सारखा दिसायचा आणि दर वेळी शेवटच्या पायरीला मागे सरायचा. तो रुपया अजून टेबलाच्या खणात आहे. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जाऊ नये म्हणून ठेवलाय.

तेव्हापासून मी बोलीचा आकडा दुपारी, जेवण झाल्यावर, कागदावर लिहितो. बहुतेक ठिकाणी आपली कमाल रक्कम एकदाच भरून ठेवता येते, गरजेपुरती पायरीपायरीने यंत्र ती वाढवतं. भरायची आणि पडदा बंद करायचा. गेलं तर गेलं. आणि तो कागदावरचा आकडा म्हणजे खिशातून जाणारा सगळा पैसा, नुसता हातोड्याचा भाव नव्हे. त्यावर लिलावगृहाचं खरेदीदाराकडून घ्यायचं शुल्क, त्यावरचा कर, पाठवणी, विमा येतो. रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज्‌च्या लिलावातून आपल्या सरकारने घेतली ना, तिचे ४७ लाख १५ हजार वाहतूक आणि विमा धरून होते. त्या तलवारीचं मला आणखी एक आवडलं. पात्यावरच देवनागरीत रघुजींचं नाव कोरलेलं. तिची ओळख विकणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून नव्हती.

पैशांचं थोडक्यात. लिलावातली वस्तू लिलावाबाहेर कधी घ्यायची नाही, कारण बाहेर पाऊल टाकलं की काही बिनसलं तर तक्रार ऐकायला तिसरा कुणी उरत नाही. मला वाटतं, ४५,००० चा मेसेज त्यासाठीच आहे. अनोळखी माणसाच्या खात्यात आगाऊ पैसे नाहीत. ‘परताव्यासाठी’ कुणी पिन टाकायला किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितलं तर फोन ठेव. पिन फक्त पैसे जाताना लागतो, येताना नाही. चुकून काही गेलंच तर लाजून गप्प बसू नकोस, त्याच घटकेला १९३० ला फोन कर आणि बँकेला कळव. मी लाजलो होतो, म्हणून सांगतो. पार्सल येईल तेव्हा वेष्टन न फाडता सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढायला लाव, आणि उघडून नाणं काट्यावर ठेवेपर्यंत तो थांबवू नकोस. परत घेण्याची मुदत आधी विचारून लेखी घे. नाणं परदेशी तपासणी-कंपनीच्या, एनजीसी किंवा पीसीजीएसच्या, सीलबंद डबीत असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळतो का पाहा, कारण डब्याही खोट्या निघतात.

रामदरबाराचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असलेलं जे नाणं तुझ्या सासूबाईंना कुणीतरी लाखाचं म्हणून दाखवलं, तसली नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. देव्हाऱ्यात ठेवायला छान आहे, राहू दे. पण त्याच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आणि तरीही तुला मनातून तोच होन हवा असेल, तर त्याला आज तीनच गोष्टी माग. सराफी काट्यावरचं वजन, काठाचा फोटो, आणि आजच्या तारखेची हाताने लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून काढलेला नवा फोटो. बघ काय उत्तर येतं. दिलेले तिन्ही फोटो गुगलवर टाकूनही शोध. जुन्या कॅटलॉगातून उचललेले फोटो असे चटकन सापडतात.

माझ्या आजोबांची एक शिवराई माझ्याकडे आहे. वाईच्या घरी ती दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात असायची, बाकी वर्षभर तांदळाच्या डब्यात. पेशवाईतली, दोन आडव्या रेघांची, तिला दुदांडी म्हणतात. बाजारात तिची किंमत फार नाही. कुणीतरी कधीतरी चिंचेने घासून चमकवली असती तर तेवढीही राहिली नसती, पण आमच्या आजीने तिला कधी हात लावू दिला नाही. तिच्यावर बसलेला काळपट तपकिरी रंग दीडशे-दोनशे वर्षांचा आहे, आणि ती कुठून आली हे मी दाजींना शपथेवर सांगू शकतो. तुला हवी असेल तर ती तुझ्या हाताने त्यांना दे. मी एसटीने घेऊन येईन, पोस्टाने पाठवणार नाही. होनासाठी तू वेगळे पैसे साठव. पुढच्या वर्षी मुंबईत नाण्यांचं प्रदर्शन भरेल तेव्हा आपण दोघं जाऊ, होन हातात घेऊन पाहू, आणि तुला आवडला, मला पटला, तर घेऊ.

लिलाव रविवारी रात्री दहाला संपतोय ना? पावणेदहाला मला फोन कर. दहा वाजून जाईपर्यंत आपण दाजींच्या एकसष्टीचा स्वयंपाक ठरवू.

तुझा,
मामा