आभाळाला कान लावलेलं ठाणं

अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ हे भारताचं केंद्र १९८९ पासून आहे. शिर्माकर नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यात, प्रियदर्शिनी तलावाजवळ. पिण्याचं पाणी त्याच तलावाचं. तिथून किब्ला उत्तरेला, जरासा पूर्वेकडे कललेला. उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळत नाही. मग मगरिब कधी धरायची, हा तिथे खराखुरा प्रश्न!

भारताची पहिली मोहीम या खंडावर नेली डॉ. सय्यद जहूर कासिम यांनी. अलीगढचे विद्यार्थी, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक. डिसेंबर १९८१ मध्ये २१ जणांचं पथक गोव्याहून निघालं आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरलं. वर्गात विचारलं, तर हे नाव एकाही मुलाला ठाऊक नव्हतं.

मैत्रीवर रिओमीटर नावाचं यंत्र आहे. ते स्वतः काही पाठवत नाही, फक्त ऐकतं. आकाशगंगेतून रेडिओलहरींची एक मंद खरखर सतत येत असते, ती ३८.२ मेगाहर्ट्झवर टिपायची. शांत दिवशी ती किती भरते हे आधीच माहीत असतं. सौरवादळात ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या हवेत इलेक्ट्रॉन वाढतात, तो थर लहरी गिळतो आणि खरखर घटते. घट ३ डेसिबल असली, तर निम्मी शक्ती वरच राहिली. नमाजेची वेळ सूर्यावर, रमजान चंद्रावर, तसं या यंत्राचं वेळापत्रक ताऱ्यांवर चालतं: तोच तारा रोज सुमारे ४ मिनिटं आधी माथ्यावर येतो, तो हिशोब धरूनच तुलना करावी लागते.

पूर्वी रात्री मीडियम वेव्हवर लागणारी दूरची उर्दू स्टेशनं उजाडताच गायब व्हायची, तेही याच थराचं काम. दिवसा ऊन त्याला दाट करतं.

केपटाउनहून तिकडे जाणारं विमान चार हजारांहून अधिक किलोमीटर ओलांडतं, बहुतेक समुद्रावरून. तिथे बोलायला शॉर्टवेव्हचा मोठा आधार. लहरीची वारंवारता जितकी कमी, तितकं शोषण जास्त. म्हणून रिओमीटरवर थोडी घट दिसली, तरी वैमानिकाच्या रेडिओवर पूर्ण शुकशुकाट होऊ शकतो.

या नोंदींचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तिथे पीएच.डी.साठी जरूर चौकशी करावी. कोकणातून येणाऱ्यांना तर पनवेल वाटेवरच लागतं.