‘देश एकदा मिलिटरीच्या हातात द्या’

परवा आमच्या स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर नेहमीचं वाक्य कानावर पडलं. “सगळे पुढारी चोर. पाच वर्षं देश मिलिटरीच्या हातात द्या, बघा कसे सरळ होतात.” चौघांनी माना डोलावल्या. मीही सवयीने डोलावणार होतो, तेवढ्यात आप्पा आठवले.

आप्पा म्हणजे माझे चुलते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक तरी माणूस फौजेत. आप्पा परत आले तेव्हा गावानेच आग्रह करून त्यांना ग्रामपंचायतीला उभं केलं. आप्पांनी मटणाच्या पंगती घातल्या नाहीत, पाकिटं वाटली नाहीत. दारोदार जाऊन फक्त पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशेब मांडला. पडले. आणि ज्यांनी आग्रह केला होता, त्यांच्याच वॉर्डात पडले.

हीच गोष्ट एका खऱ्याखुऱ्या जनरलच्या बाबतीत, अख्ख्या राज्याच्या पातळीवर घडली आहे. मेजर जनरल भुवनचंद्र खंडूरी. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी घेत नाही, पण पुणे-कोल्हापूर रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस त्यांचं थोडं देणं लागतो.

खंडूरी डेहराडूनचे, जन्म १९३४ चा. फौजेत इंजिनिअर्स कोअरमध्ये. पस्तीसएक वर्षांची नोकरी, अतिविशिष्ट सेवा पदक, आणि मग १९९१ साली भाजपतर्फे गढवालमधून थेट लोकसभेत. वाजपेयींच्या सरकारात २००० साली रस्ते खातं त्यांच्याकडे आलं. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा सुवर्ण चतुष्कोन, ५,८४६ किलोमीटरचा, तेव्हा नुकताच सुरू झाला होता. मुंबई-चेन्नईची बाजू आमच्या दारातून जाते. ज्यांनी जुना रस्ता पाहिलाय त्यांना आठवत असेल, खंबाटकीत एक ट्रक बंद पडला की दोन-दोन तास गाडी हलायची नाही. आप्पा पुण्याला जायचे तर पहाटेची एसटी धरायचे. तो रस्ता चौपदरी होताना आम्ही डोळ्यांनी बघितला. वडाची झाडं गेली त्याची हळहळ आजही आहे, पण काम झालं. आराखडा, मुदत, देखरेख हे सगळं इंजिनिअर फौजीच्या हातातलं काम होतं.

पण त्याच रस्त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सत्येंद्र दुबे नावाचा तरुण इंजिनिअर बिहार-झारखंडच्या टप्प्यावर होता. कामातला भ्रष्टाचार त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. पत्र नावासकट या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्याचा खून झाला. तपासात ती लूटमार ठरली, तरी नाव फुटलं हे खरंच. खात्याचा मंत्री स्वच्छ माणूस होता. पण वरचा माणूस स्वच्छ असला म्हणून खालची फाईल आपोआप स्वच्छ होत नाही.

पुढे २००७ मध्ये खंडूरी उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले. शिस्त तीच. पण फौजेत हुकूम दिला की काम होतं, आणि आमदाराला हुकूम चालत नाही. साहेब भेटत नाहीत, ऐकून घेत नाहीत, अशी त्यांच्याच पक्षातल्या काहींची तक्रार असायची. २००९ ला लोकसभेच्या पाचही जागा गेल्या आणि साहेबांना खुर्ची सोडावी लागली. पण सप्टेंबर २०११ मध्ये, निवडणूक तोंडावर आल्यावर, पक्षाला पुन्हा तेच आठवले.

आल्याआल्या त्यांनी कडक लोकायुक्त विधेयक आणलं. त्यात मुख्यमंत्री, म्हणजे ते स्वतःसुद्धा. राळेगणच्या अण्णा हजारेंनी जाहीर कौतुक केलं. अण्णाही एकेकाळी फौजेत ड्रायव्हर होते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

मग २०१२ ची निवडणूक. घोषणा होती, ‘खंडूरी है जरूरी’. निकाल लागला. सत्तर जागांपैकी काँग्रेस ३२, भाजप ३१. आणि ज्या माणसाच्या नावावर मतं मागितली, तो स्वतः कोटद्वारमधून साडेचार हजारांच्या आसपास मतांनी पडला! तो लोकायुक्त कायदाही पुढच्या सरकारने बदलून टाकला.

२०१४ ला ते पुन्हा खासदार झाले, संसदेच्या संरक्षण समितीचे अध्यक्ष झाले. आता सरकार त्यांच्याच पक्षाचं. मार्च २०१८ मध्ये समितीचा अहवाल आला, त्यात लष्कराच्या उपप्रमुखांची साक्ष होती, की आपली ६८ टक्के सामग्री जुनाट आहे. अत्याधुनिक फक्त ८ टक्के. काही महिन्यांत अध्यक्षपदी दुसरे आले.

मला या माणसाचं मोठेपण हुकमात दिसत नाही. ते दिसतं वर्दी उतरवल्यानंतरच्या वागण्यात. मतं मागितली, पडले, निकाल मुकाट मान्य केला, पुन्हा उभे राहिले, आणि आपल्याच सरकारला आकड्यांनिशी प्रश्न विचारला. मिलिटरीच्या हातात देश असता तर तो ६८ टक्क्यांचा आकडा तुमच्या-माझ्यापर्यंत आला असता का? शेजारच्या पाकिस्तानात अयूब, झिया, मुशर्रफ असे जनरल येऊन गेले. तिथं कोण सरळ झालं, ते आपण बघतोच आहोत.

आप्पा पडल्यावर मी तावातावाने म्हणालो होतो, “आप्पा, या गावाची लायकीच नाही.” आप्पा पायातल्या वहाणा काढत म्हणाले, “आरं, लायकी काढायची नाय. फौजेत शेजारच्याला सोडून पुढं जात न्हाईत.” पुढच्या निवडणुकीला सकाळी सात वाजता मतदानाच्या रांगेत पहिला नंबर त्यांचाच होता.

टपरीवर मी एवढंच विचारलं, “मिलिटरीतले आप्पा आपल्याच गावात उभे होते तेव्हा तुम्ही कुणाला मत दिलं?” कुणी बोललं नाही. मालकाने चहाचे पैसे घेतले आणि रेडिओ मोठा केला.

तुमच्या गावातही कुणी रिटायर फौजी असा उभा राहिला असेल. त्याचं काय झालं? कमेंटमध्ये लिहा, खरं लिहा.