रेडिओबुवांचा अभंग

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसले की थोड्याच वेळात भादली स्टेशन लागते. आजूबाजूला केळीचे मळे आणि मधोमध ते लहानसे स्टेशन. १९८१ साली मी कला शाखेच्या पहिल्या वर्गात नाव घातले आणि तेव्हापासून रोज याच स्टेशनावरून जळगावला जाऊ-येऊ लागलो. मराठीच्या तासाला सरांनी एके दिवशी सांगितले, की धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, ५ मे १९१८ रोजी याच भादलीला रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्या संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर मी बराच वेळ फलाटावरच उभा राहिलो. रोज ज्या रुळांवरून बिनदिक्कत उड्या मारीत घरी जात होतो, तेथे त्या दिवशी पाऊल टाकवेना.

माझी ही चलबिचल एका माणसाने ओळखली. ते म्हणजे आमचे रेडिओबुवा.

रेडिओबुवा हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. ते रेल्वेत पॉइंट्समन होते आणि स्टेशनाच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत एकटेच राहत. धर्माने ख्रिस्ती, पंथाने मेथडिस्ट. त्यांच्याजवळ एक जुना रेडिओ होता. त्याची तांब्याची तार त्यांनी खिडकीतून काढून पलीकडच्या निंबाला बांधली होती. आम्ही सारे विविधभारती ऐकत असू. हे मात्र संध्याकाळी कानाशी रेडिओ धरून खरखरीतून कुठलासा दूरचा आवाज शोधीत बसत. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरून फेबा नावाच्या ख्रिस्ती संस्थेने १९७० साली लघुलहरींवर प्रक्षेपण सुरू केले होते. तेथून हिंदीत आणि आपल्याकडच्या इतरही भाषांत भजने आणि प्रवचने येत. आवाज लाटेसारखा जवळ येई आणि पुन्हा दूर जाई. आम्ही पोरे खिडकीखाली उभे राहून त्या खरखरीची नक्कल करीत असू. 'रेडिओबुवा' हे नाव आम्हीच पाडलेले! ते कधी रागावले नाहीत. एकदा मात्र हसून म्हणाले, "अरे, आमच्या पंथाचे 'मेथडिस्ट' हे नावही असेच टवाळीतून पडले आहे. ऑक्सफर्डच्या पोरांनी जॉन वेस्लीला चिडवायला ठेवलेले ते नाव. त्याने तेच मिरवले. मीही तुमचे मिरवतो."

त्या संध्याकाळी त्यांनी मला खोलीवर बोलावले, काळा चहा दिला आणि विचारले, "ठोमऱ्यांबद्दल वाचून आलास वाटते?" मी चकितच झालो. पॉइंट्समनला बालकवी कसे ठाऊक? ते म्हणाले, "ठोमऱ्यांना आम्ही ओळखतो ते टिळकांमुळे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'केवढे हे क्रौर्य!' लिहिणारे."

मग त्यांनी जे सांगितले, ते पुढे मी ग्रंथालयात बसून ताडून पाहिले. १९०७ साली आपल्या जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. त्यांनीच सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांना 'बालकवी' ही पदवी दिली. टिळक त्या संमेलनाला होते. पुढे हा खानदेशी पोरगा अहमदनगरला टिळकांच्या घरी जाऊन राहिला. त्याचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखे सोसले. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते निराळे सांगायला नको. भादलीच्या रुळांवर बालकवी गेले, त्यानंतर जेमतेम एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही मुंबईत वारले.

टिळकांची कथाही एका आगगाडीच्या डब्यातच वळण घेते, हे मला फार विलक्षण वाटले. कोकणातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण नागपूरहून राजनांदगावला निघाला असता डब्यातल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्याला बायबल वाचावयास दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याने बाप्तिस्मा घेतला. घर तुटले. लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या आणि मग आपल्या पायांनी चालत त्याच्याकडे परत आल्या. पण टिळकांनी धर्म बदलला तरी तुकाराम सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे प्रसिद्ध आहे. परक्या चालीवर परकी गाणी गाणाऱ्या देवळांत त्यांनी अभंग आणला, टाळ आणला, कीर्तन आणले. आज मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेला उभा राहतो, तेव्हा त्याच्या तोंडी बहुधा टिळकांचेच शब्द असतात.

"पण काका, टिळक तर तुमच्या पंथाचे नव्हते," मी नुकत्याच मिळवलेल्या माहितीच्या तोऱ्यात एकदा म्हणालो. "ते अमेरिकन मराठी मिशनचे."

"नव्हतेच," ते म्हणाले. "आमचा विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आला. त्याच्या मागे जॉर्ज बोवेन आमच्यात आला. तोही आधी अमेरिकन मिशनचाच. १८४८ साली मुंबईला उतरला आणि थोड्याच दिवसांत मिशनचा पगार सोडून गरिबांच्या वस्तीत जाऊन राहिला. 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र चालवले, बाजारात उभे राहून बोलला. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही. १८८८ साली येथेच मेला. आणि टिळकांनी १९१७ मध्ये काय केले? मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' मांडला. सांग, आता पंथ कोणता विचारायचा?"

मी गप्प बसलो. बोवेनला आकाशवाणी नव्हती, टिळकांनाही नव्हती. एकाजवळ छापील पत्र होते, दुसऱ्याजवळ टाळ. दोघांनाही वाटे, की आपल्याजवळचे दूरच्या माणसाच्या कानी पडावे. आणि ते फुकट पडावे. निंबाला बांधलेल्या त्या तारेचा अर्थ मला तेव्हा थोडासा कळला. काकाही धर्मोपदेश करीत, पण पोटाला रेल्वेचाच पगार खात. वेस्लीच्या पंथात असे कामकरी उपदेशक पहिल्यापासून होते म्हणे.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. कारण जे लिहावयाचे आहे ते अजून लिहिलेच नाही.

माझे वडील, आप्पा, गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. दर एकादशीला विठ्ठलमंदिरात भजन असे. काका मंदिरात येत नसत. बाहेरच्या ओट्यावर, चपला काढलेल्या असतात त्या बाजूला, भिंतीला टेकून बसत आणि भजन संपले की न बोलता निघून जात. कोणी त्यांना आत बोलावीत नसे, कोणी उठवीतही नसे. एकदा आप्पा गाडीची वाट पाहत फलाटावर बसले असता त्यांनी काकांना एक अभंग गुणगुणताना ऐकले. लेकराने माउलीला मारावी तशी त्यात देवाला हाक होती. आप्पांना चाल आवडली. त्यांनी तेथेच तिकिटाच्या जुन्या पाकिटावर चरण उतरवून घेतले आणि पुढच्या एकादशीला मंडळात म्हटले. दोन वर्षे तो अभंग आमच्या मंदिरात घुमत होता. पखवाजाची थाप पडली की बाहेर ओट्यावर काका डोळे मिटून मान डोलवीत. कोणाचा अभंग, हे कोणी विचारले नाही. अभंग म्हटला म्हणजे तुकोबांचाच!

१९८२ च्या कार्तिकी एकादशीला मी मंदिरात होतो. चारच दिवसांपूर्वी कॉलेजच्या ग्रंथालयात टिळकांची 'अभंगांजली' हाती आली होती आणि चाळता चाळता तो अभंग मला त्यात सापडला होता. शेवटी एक चरण अधिक होता आणि त्यात येशूचे नाव होते. भजन संपल्यावर एका पाहुण्याने विचारले, "फार गोड अभंग. तुकोबांचाच ना?" आप्पा "हो" म्हणणार, एवढ्यात मी पुढे सरसावलो. मराठी विषय घेतलेला मी गावातला पहिलाच मुलगा. "नाही," मी मोठ्याने म्हणालो. "हा रेव्हरंड टिळकांचा. ख्रिस्ती अभंग आहे. अजून एक चरण आहे त्याला!" आणि तो चरणही मी म्हणून दाखवला.

मंदिरात एकदम शांत झाले. आमच्या मंडळातले सर्वांत वयस्कर टाळकरी, आम्ही त्यांना बाबा म्हणत असू, त्यांनी टाळ खाली ठेवले. "काऊन नाही सांगितलं आधी?" एवढेच ते आप्पांना म्हणाले. आप्पांनी मान खाली घातली. त्यांना तरी कुठे ठाऊक होते? मग कोणीतरी ओट्याकडे पाहिले, आणि साऱ्यांच्याच माना तिकडे वळल्या. काका उठले, चपला पायांत घातल्या आणि अंधारात निघून गेले. त्यांना कोणी एक शब्दही बोलले नाही. तसे न बोलणे किती जड असते, ते मला त्या रात्री कळले.

तो अभंग पुन्हा मंडळात म्हटला गेला नाही. काकाही पुन्हा ओट्यावर बसले नाहीत.

मी आठ दिवस त्यांना चुकवून गाडीवर जात होतो. शेवटी गेलो. म्हणालो, "काका, मी खरे तेच सांगितले." त्यांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, "खरेच होते ते. चूक असेल तर माझी आहे. तुझे वडील लिहून घेत होते, तेव्हा शेवटचा चरण मी मुद्दाम सांगितला नाही. वाटले, नाव ऐकले तर ते लिहिणार नाहीत. टिळकांनी नाव झाकून ठेवले नव्हते; मी झाकले." थोडा वेळ थांबून म्हणाले, "पण तू सांगितलेस, ते टिळकांसाठी सांगितलेस की तुझ्यासाठी?"

मला उत्तर देता आले नाही. खरे तर उत्तर मला त्याच वेळी ठाऊक होते.

१९८३ मध्ये काका निवृत्त झाले आणि पुण्याकडे आपल्या बहिणीपाशी गेले. जाताना रेडिओ घेऊन गेले. निंबाला तार तेवढी राहिली. मी पुढे एम. ए. झालो, प्राध्यापक झालो, बालकवी आणि टिळक वर्षानुवर्षे शिकवले. परीक्षेत टिळकांवर टीप लिहा म्हणून प्रश्न घातले. 'फुलामुलांचे कवी' म्हणून विद्यार्थ्यांनी उत्तरे लिहिली आणि मी त्यांना गुण दिले. त्या एकादशीची गोष्ट मात्र मी कोणत्याच वर्गात सांगितली नाही. सेशेल्सचे ते केंद्र २००३ साली बंद पडल्याचे वाचले, तेव्हा उगीचच निंबाकडे जाऊन आलो. तार केव्हाच कोणी काढून नेली होती.

आप्पा १९९६ साली गेले. शेवटच्या आजारात त्यांचे शब्द बरेचसे हरपले होते, पण चाल जात नव्हती. एका पहाटे ते काहीतरी गुणगुणत होते. कान लावला, तर तोच अभंग! शब्द एकही नाही, नुसती चाल. चौदा वर्षे त्यांनी तो तोंडावाटे काढला नव्हता. मी पुस्तक आणून उशाशी बसलो आणि एकेक चरण वाचीत गेलो. ते ओठ हलवीत होते. शेवटचा चरणही वाचला. त्यांनी तो ऐकला की नाही, कोण जाणे. माझा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

त्यांच्या तेराव्याला भजनी मंडळ घरी आले. सगळे नेहमीचे अभंग झाले. मी धीर करून म्हणालो, "आप्पांच्या आवडीचा एक राहिला." कोणी काही बोलेना. नवी पोरे एकमेकांकडे पाहू लागली; त्यांना काहीच माहीत नव्हते. बाबा तेव्हा नव्वदीच्या घरात होते, भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि टाळ उचलले. त्यांना चरण सारे पाठ होते. चौदा वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. काकांनी आप्पांना सांगितले होते तेवढेच चरण त्यांनी म्हटले आणि थांबले. मग टाळ तसेच हातात धरून म्हणाले, "पुढचं तुला येतं ना? म्हन."

मी म्हटला. आवाज फुटत होता, पण म्हटला. बाबांनी टाळ धरला. बाहेर ओट्यावर कोणी नव्हते.