ऐकलेले आणि ऐकू आलेले

मिस्साबलीतील वाचनाची सेवा माझ्याकडे आली, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. आवाज बरा, उच्चार स्वच्छ आणि पेशा मराठीच्या शिक्षकाचा. एवढे भांडवल आमच्या धर्मग्रामात त्या काळी पुरेसे होते. शनिवारी रात्री वाचन दोनदा मोठ्याने म्हणून पाहायचे, अवघड नावांवर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि रविवारी वाचनपीठापाशी उभे राहून ते लोकांना ऐकवायचे. वाचन संपले की लोक देवाचे आभार मानीत आणि मी माझ्या बाकावर येऊन बसे. आपण वाचतो ते आपल्यासाठीही असते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तेच तर मी मुलांना शिकवीत होतो.

ख्रिस्ताचा संदेश मी प्रथम केव्हा ऐकला, हे मला सांगता येणार नाही. वसईतल्या कॅथलिक घरात जन्मलेल्या कोणालाच ते सांगता येणार नाही. संध्याकाळी घंटा झाली की आई पडवीत दिवा लावून जपमाळ सुरू करी. तिसऱ्या रहस्यापर्यंत आम्ही भावंडे पेंगू लागत असू आणि आईचा हात जपमाळेवरून न ढळता आमच्या पाठीवर पडे. बाबा सांगत की, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) मिस्सा लॅटिनमध्ये असे. वेदीवर काय चालले आहे ते कळत नसल्याने बायामाणसे आपापली माळ जपत बसत. मी लहान होतो तोवर सारे मराठीत आले होते. बाबांच्या पिढीने न कळणारे शब्द भक्तिभावाने ऐकले. मला प्रत्येक शब्द कळत होता आणि कदाचित त्यामुळेच मी निर्धास्त होतो. जे कळले ते आपले झाले, असा शिकलेल्या माणसाचा समज असतो.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले, ते नवख्रिस्ती लोकांच्या कानांवर पडावे म्हणून. ओवी ही मुळी ऐकण्याचीच वस्तू. संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाचा उगम श्रवणातच दाखविला आहे. पण योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, शोमरोनी स्त्रीची कथा आहे. तिच्या सांगण्यावरून गावकरी येशूकडे येतात, त्याला दोन दिवस ठेवून घेतात आणि मग तिला सांगतात की, आता आमचा विश्वास तुझ्या बोलण्यावर उभा नाही, आम्ही स्वतः त्याचे ऐकले आहे. हा प्रसंग मी वर्गात फार रंगवून सांगे. ते दोन दिवस माझ्या आयुष्यात कधी आलेच नव्हते, ही गोष्ट निराळी. तपसाधनेच्या शिबिरांत शेजारची माणसे हात उंचावून रडत, तेव्हा मी वही काढून टिपणे घेत असे.

आता बावखलाविषयी सांगायला हवे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : बावखल म्हणजे वाडीतले छोटे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरींना गोडे ठेवते आणि उन्हाळ्यात केळी-पानवेलींना पुरते. आमच्या वाडीत असे एक बावखल होते. बाबांच्या पश्चात वाटणी झाली, तेव्हा ते माझ्या हिश्शात आले, पण पाणी दोघांचे, असे तोंडी ठरले होते. २००४ साली मी घर बांधायला काढले आणि ते बुजवले. सातबारा माझ्या नावावर होता. दादा दोनदा येऊन सांगून गेला की, असे करू नकोस. तिसऱ्यांदा आला तेव्हा चार माणसांसमोर त्याने मला जे शब्द ऐकवले, ते मी मनात नीट घडी घालून ठेवून दिले. दोन उन्हाळ्यांत त्याच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, पानवेली गेल्या. मला त्याचे वाईट वाटले, नाही असे नाही. परंतु माझ्यापाशी त्याचे ते शब्द होते ना! अपमान झालेला माणूस स्वतःला ऋणको समजत नाही, धनकोच समजतो.

२००९ साली आई गेली. कबरीच्या दोन बाजूंना आम्ही दोघे भाऊ उभे होतो. मूठमूठ माती टाकली आणि दोन वाटांनी घरी आलो.

सामान्यकाळातील चोविसाव्या रविवारचे पहिले वाचन दर तीन वर्षांनी बेनसिराच्या ग्रंथातून येते. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला हा ज्ञानी माणूस फार रोखठोक. माणसाने माणसावरचा राग जपून ठेवायचा आणि देवाकडे मात्र क्षमा मागायची, हे कसे जमणार, असा त्याचा सवाल. मरणाची आठवण ठेवून वैर टाकून दे, असा त्याचा उपदेश. २०११ साली, ११ सप्टेंबरला, हे वाचन मी केले होते. त्या दिवशी बाहेर दोघांनी आवाजाचे कौतुक केल्याचे मला आठवते. २०१४ साली पवित्र क्रुसाच्या विजयाचा सण, १४ सप्टेंबर, नेमका रविवारी आला, म्हणून ते वाचन झाले नाही. पुन्हा आले ते २०१७ च्या १७ सप्टेंबरला.

शनिवारी रात्री नेहमीप्रमाणे दोनदा म्हणून पाहिले होते. काही झाले नाही. रविवारी वाचनपीठापाशी उभा राहिलो, दोन वाक्ये वाचली आणि नजर वर केली. डाव्या हाताच्या तिसऱ्या बाकावर दादा बसला होता. तो नेहमीच तिथे बसे. पण त्या दिवशी त्याने मान खाली घातली होती आणि त्याचे केस पार पांढरे झालेले मला दिसले. पुढचा प्रश्न मी वाचला, तेव्हा तो मी विचारीत नव्हतो, मला विचारला जात होता. कोण विचारीत आहे, याविषयीही मला शंका उरली नाही. ज्याच्याविषयी मी इतकी वर्षे बोलत होतो, तो माझ्याशी बोलला. याहून अधिक मला सांगता येत नाही. प्रकाश दिसला नाही, रडू आले नाही. वाचन पूर्ण केले, बाकावर येऊन बसलो. फक्त ख्रिस्तप्रसादाला उठलो नाही.

वर्गात एका मुलीने विचारलेच : "सर, आज तुम्ही कम्युनियन का घेतलं नाहीत?" मी तिला खरे ते सांगितले. "मला आधी एकाकडे जाऊन यायचं आहे."

दुपारी गेलो. कथांमध्ये अशा वेळी भाऊ भावाला मिठी मारतो. दादा पायरीवर बसून कोयत्याला धार लावीत होता. वहिनीने खुर्ची आणून ठेवली, चहा टाकला. माफी मागायची असे ठरवून गेलो होतो, पण जाताना मी त्याच्या त्या शब्दांचाही हिशेब सोबत नेला होता, हे तिथे बसल्यावर माझ्या ध्यानात आले. तो मी काढला नाही. "दादा, चूक माझी होती," एवढेच म्हणालो. बराच वेळ दगडावर कोयत्याचा आवाज होत राहिला. मग तो म्हणाला, "बावखल काय परत येणार आहे?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. घर त्याच्यावर उभे आहे.

पुढल्या शनिवारी पापनिवेदनाला गेलो. दर महिन्याला जाणारा मी, तेरा वर्षे त्या एका गोष्टीला वळसा घालून जात होतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी आपल्या साक्षीत कबूल केले की, तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. त्या आपल्या पंथाच्या नव्हेत, परंतु आपल्या मंडळींनी त्यांची ही कबुली जरूर वाचावी. त्या तर विद्वत्तेच्या वाटेने, शोध घेत आल्या होत्या. आपल्याला धर्म पाळण्यातच मिळालेला. तेव्हा ख्रिस्त सापडलेलाच आहे, अशी समजूत अधिक पक्की. आईची जपमाळ वाया गेली, असे मात्र मी म्हणणार नाही. ते सारे कानावर पडलेले नसते, तर त्या रविवारी बोलणारा कोण, हे मी ओळखले कसे असते?

२०१८ च्या उन्हाळ्यात मी दादाच्या कुंपणालगत, माझ्या उरलेल्या जागेत, एक खड्डा खणून घेतला. छपराचे पाणी पन्हळीने त्यात सोडले. बावखलाच्या मानाने ते डबकेच. जुलैत पाऊस लागला, खड्डा भरला. एका सकाळी पाहतो तो दादा डोक्यावर इरले घेऊन कुंपणापाशी उभा. पुष्कळ वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मी बाहेर आलो तसा म्हणाला,

"आणखी दोन हात खोल हवा होता."

"पुढच्या उन्हाळ्यात खणू," मी म्हणालो.

"मजूर नको लावूस. मी येतो."