लॅग, एफ३ आणि आम्ही चौघं

मंडळी, आजचा विषय तसा पोरकट. ऑनलाइन गेम्स. "तिशी आली, होम लोन झालं, अजून गेम काय खेळतोस?" हा प्रश्न घरी विचारून झालेला आहे, त्यामुळे इथे पुन्हा कुणी विचारू नये. :)

पार्श्वभूमी एवढीच, की होस्टेलवरचे आम्ही चौघं आता तीन गावांत विखुरलोय. दोघं पुण्यात, एक बंगळूरला, एक सिएटलला. रविवारी सकाळी नऊला (सिएटलवाल्याचे शनिवारी रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेसात) आम्ही एकत्र काहीतरी खेळतो. हे "काहीतरी" म्हणजे काय, यावरून जेवढी भांडणं झालीत तेवढी होस्टेलवर मेसच्या बिलावरूनही झाली नव्हती.

आधी थोडं भौतिकशास्त्र. पुणे ते सिएटल सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद, तेही केबल नाकासमोर सरळ टाकली असती तर. प्रत्यक्षात वळसे, राउटर वगैरे धरून आमचा पिंग २५०च्या आसपास असतो. कितीही भारी प्लॅन घ्या, आइनस्टाइन ऐकत नाही. तेव्हा ऑनलाइन गेम चांगला की वाईट हे ग्राफिक्सवर ठरवू नका राव. हा पाव सेकंद तो कुणाच्या माथी मारतो ते बघा.

काउंटर-स्ट्राइक घ्या. मूळ १९९९चा, हाफ-लाइफवर बेतलेला मॉड. इथे सगळं खरं-खोटं सर्व्हर ठरवतो, पण तुम्ही गोळी झाडली की तो घड्याळ मागे फिरवतो आणि झाडताना तुमच्या पडद्यावर शत्रू कुठे दिसत होता ते तपासतो. नेम बरोबर असेल तर गोळी लागली. झाडणाऱ्याला हे अगदी न्याय्य वाटतं. पण ज्याला लागली तो बिचारा त्याच्या पडद्यावर केव्हाच भिंतीआड पोचलेला असतो, आणि तिथे मरतो! सगळे एकाच शहरात असतील तर या गेमला तोड नाही. दोन मिनिटांचा राउंड, मनगटातलं कसब, नशिबाला वाव कमी. चौथा सिएटलला असेल तर मात्र प्रत्येक राउंडनंतर भांडण. शिवाय माईकवर "बीवर दोन, बीवर दोन!" याशिवाय दुसरं काही बोलायला उसंत नाही. मध्येच उठून जायचीही सोय नाही. मॅच अर्धवट सोडली की पुढच्या मॅचेसवर काही काळ बंदी.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) याच्या उलट. बऱ्याचशा विद्यांना दीड सेकंदाचा सामाईक विराम असल्यामुळे पाव सेकंदाचा उशीर खपून जातो. जग तर एवढं जिवंत, की २००५ साली एका राक्षसाच्या गुहेतला संसर्गजन्य शाप खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत बाहेर सुटला आणि शहरंच्या शहरं ओस पडली. पुढे साथरोगांच्या अभ्यासकांनीही त्यावर लिहिलं. भारीच. पण दर महिन्याला भाडं भरा, आणि रिलीजच्या धामधुमीत तीन आठवडे गायब झालात की बाकीचे पुढे निघून गेलेले. नोकरीवाल्याला दुसरी नोकरी कशाला? असो.

आता पबजी. नाकं मुरडू नका. मोबाइलवर २०१८ला आला. शंभर जण विमानातून उड्या मारतात, आकसत जाणाऱ्या वर्तुळात शेवटी एक संघ उरतो. गेम म्हणून मला तो मध्यमच वाटतो. अर्ध्या तासात खरी मारामारी पाचेक मिनिटांची, बाकी वेळ गवतातून पळणं किंवा कुणाच्या तरी घरात लपून बसणं. पण त्या रिकाम्या वेळात गप्पा होतात ना! पगार, लग्नं, बॉसच्या नकला, सगळं. २०१९च्या एका रविवारी पोचिंकीतल्या एका बाथरूममध्ये लपलेलो असताना सिएटलवाला म्हणाला, "बाबांचे रिपोर्ट चांगले नाहीत. इथं बसून काय करू कळत नाही." कुणी काही बोललं नाही. वर्तुळ आकसायला लागलं, आम्ही चौघं निघालो, पळता पळता तो सगळं सांगत राहिला. फोनवर हे त्यानं सांगितलं नसतं. फोनवर समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर आमच्याकडे नव्हतं.

सप्टेंबर २०२०मध्ये भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली. कारणं मोठी होती, चीनशी निगडित होती, त्यात मी पडत नाही. आमच्यापुरतं एवढंच झालं, की रविवार बंद पडला. ग्रुपवर फॉरवर्ड तेवढे उरले. २०२१च्या मे महिन्यात त्याचे बाबा गेले, ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. मग जुलैत बीजीएमआय आला, पण तो फक्त भारतातल्यांसाठी. म्हणजे चौथा बाहेरच. (तोही २०२२च्या जुलैत गायब झाला आणि २०२३च्या मेमध्ये परतला. तोवर आमचा रस संपला होता.)

शेवटी आम्ही गेलो होस्टेलच्याच म्हातारीकडे: एज ऑफ एम्पायर्स २. मूळ १९९९चा, नवी आवृत्ती २०१९ची. हिचं डोकं वेगळं चालतं. हजारो सैनिकांची माहिती पाठवत बसण्यापेक्षा फक्त हुकूम पाठवायचे. प्रत्येक संगणक तेच गणित स्वतः करतो आणि सगळे एका पावलानं पुढे सरकतात. क्लिक केल्यावर हुकूम लगेच अमलात येत नाही, थोडा पुढच्या पावलाला येतो, आणि सगळ्यांसाठी एकदमच येतो. पहिल्या एम्पायर्सच्या इंजिनियरांनी २००१ साली लिहिलंय, की २५० मिलिसेकंदांचा उशीर खेळाडूंच्या लक्षातही येत नव्हता. कधी जलद कधी मंद झालं की मात्र त्रास व्हायचा. आमचा पिंग २५०! जणू आमच्यासाठीच लिहिलेलं. उशीर चौघांत सारखा वाटला गेला, भांडण संपलं.

तोटे आहेतच. एकाचा लॅपटॉप रडका असला की चौघांचा खेळ रांगतो (बंगळूरवाल्या, वाचतोयस ना?). कुणाचं गणित इतरांपेक्षा तसूभर वेगळं आलं की "आउट ऑफ सिंक" होऊन तासाभराची मेहनत पाण्यात. आणि प्रत्येक मशीनवर सगळा नकाशा असतोच, त्यामुळे लबाडी करून तो उघडणारेही असतात. अनोळखी लोकांशी खेळताना हे डोक्यात जातं. आम्ही चौघं मिळून कॉम्प्युटरशी खेळतो, तो तक्रार करत नाही.

गप्पांनाही जागा आहे. पहिली दहा मिनिटं मेंढ्या शोधायच्या, शेतं लावायची, लाकडं तोडायची. तोंड मोकळंच असतं. एक फायदा तर मी कुठल्याच परीक्षणात वाचला नाही. सगळे एका पावलानं चालतात म्हणून सगळे एका पावलानं थांबूही शकतात. हल्ली सिएटलवाल्याची आई तिकडे राहायला गेलीय. दर रविवारी, आमची चढाई ऐन रंगात असताना, माईकवर मागून आवाज येतो, "पानं वाढलीत रे, आमटी निवते!" चौघांपैकी कुणीतरी एफ३ दाबतं, घोडे टाप उचलून जागच्या जागी थांबतात, आणि आम्ही तिघं चहा टाकायला उठतो.