गाडी निवडताना मी आता दार ठोकून बघतो

बरीच वर्षं माझं मत पक्कं होतं. ज्याला गाडीत मनापासून गाणं ऐकायचंय त्यानं सेडान घ्यावी, आणि तीही खालच्या व्हेरिएंटची. मोठ्या डिकीत बारा इंची वूफरची पेटी मावते आणि व्हेरिएंटमध्ये वाचलेल्या पैशांत सिस्टीम होते. शहाडला राहून हे सांगणं सोपंच होतं. उल्हासनगर हाकेच्या अंतरावर, तिथे सीट कव्हरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत सगळं बसवून मिळतं. नात्यागोत्यात, मित्रांत कितीतरी जणांना मी हाच सल्ला दिला. आता देत नाही. का, ते नीट सांगावंसं वाटतं.

त्या मताला तेव्हाच्या गाड्यांचा आधार होता. डॅशबोर्डमध्ये ठरावीक मापाची खाच असायची, साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ उंच, पुढे १० उंच. कुठल्याही कंपनीचा डेक त्यात बसायचा. आता स्क्रीन डॅशबोर्डचाच भाग झालाय, मागचा कॅमेरा त्यालाच जोडलेला, काही गाड्यांत एसीसुद्धा. तो उपटून दुसरा लावायचा म्हणजे वायरिंगला हात लावणं आलं, आणि वायर कापली की वॉरंटीचा वाद उभा राहतो. त्यापेक्षा मधलं व्हेरिएंट घ्यावं, कंपनीचा स्क्रीन राहू द्यावा आणि ॲम्प्लिफायर कपलर टू कपलर जोडून घ्यावा.

डिकीचा हिशेब तर सीएनजीनं केव्हाच मोडला. कल्याण-ठाणे पट्ट्यात रोज गाडी काढणारा माणूस पेट्रोलवर फार दिवस टिकत नाही. साठ लिटरची टाकी आली की वूफर राहतो बाजूला, नीट एक बॅगही मावत नाही. टाटानं मे २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, २०२४ मध्ये ह्युंदाईनं एक्स्टरमध्ये तसंच केलं, तेव्हा थोडी जागा परत मिळाली. पण त्या जागेत मी कायमची पेटी ठोकू देत नाही. दर तीन वर्षांनी टाक्यांची हायड्रो टेस्ट असते, तेव्हा सगळं उचकटावं लागतं.

आणि तशीही आता मला मोठी पेटी नको वाटते. सेडानमध्ये वूफर डिकीत आणि आपण पुढे, मध्ये मागची सीट आणि पत्रा. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिनची हवा एकच असते. शिवाय बंद, लहान जागेत अगदी खालचे सूर आपोआप वर उचलले जातात. तीन मीटर लांबीच्या केबिनमध्ये हे साधारण ५५-६० हर्ट्झच्या खाली सुरू होतं. त्यामुळे सीटखाली बसणारा आठ इंची वूफरही डग्ग्याची घुमारी आणून देतो. घरच्या मंडळींच्या छातीत धडधड होत नाही, नंबर प्लेटही खडखडत नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो आमच्या ट्रॅफिकनं. शहाडच्या पुलावर गाड्या अडकल्या की तेवढाच वेळ निवांत गाणं ऐकायला मिळतो. पण नेमकं तेव्हाच इंजिन आयडलवर असतं, अल्टरनेटर कमी करंट देतो, आणि जुलैत एसी, हेडलाइट, वायपर, काच साफ करणारा ब्लोअर, सगळं एकदम चालू. पाचशे वॉटचा ॲम्प्लिफायर जोराच्या ठोक्याला चाळीस-पंचेचाळीस अँपिअर मागतो. लहान गाडीच्या बॅटरीवर हा भार रोज टाकायचा कशाला? शांत केबिनमध्ये त्याच्या पाव ताकदीतही पोटभर ऐकू येतं.

ही शांतता दारात असते, हे मला उल्हासनगरच्या एका कारागिरानं दाखवलं. त्यानं दाराचं ट्रिम उतरवलं. आत पातळ पत्रा, त्यात हात जाईल एवढी भोकं, वर नुसता प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. स्पीकरच्या पाठीचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. त्यात खर्ज सगळ्यात आधी जातो. त्यानं बाहेरच्या पत्र्यावर टिचकी मारली, टण्ण वाजलं. मग आतून ब्यूटाइलची शीट लावली, छोट्या रोलरनं कोपऱ्यांपर्यंत दाबली, भोकं बुजवली, खिडकीची काच आणि लॉकची दांडी मोकळी चालते ना, हे वरखाली करून बघितलं. पुन्हा टिचकी. आता नुसतं ठप. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापली की पोकळ टणत्कार जाऊन भरीव नाद येतो, तसं ते होतं. स्पीकर तेच साडेसहा इंची, कंपनीचे. पण पखवाजाचा 'धा' पहिल्यांदाच तुटका न वाटता पूर्ण ऐकू आला. वूफरवर खर्च करायच्या आधी चारही दारांवर करावा, हे मी त्या दिवसापासून मानतो.

म्हणून आता कुणी गाडी बघायला बरोबर नेलं, तर शोरूममध्ये मी आधी दार ठोकतो, मग स्पीकरच्या जाळीवर बोट टेकवून मागे आधार किती आहे ते पाहतो. टेस्ट ड्राइव्हला म्युझिक बंद ठेवायला सांगतो. गाडी मुरबाड रोडला वरपपर्यंत न्यायची, साठच्या वेगात टायर किती घोंगावतात, आरशापाशी वारा किती शिरतो, ते ऐकायचं. काँक्रीटचा पट्टा लागला तर फारच उत्तम, तिथे टायरचा आवाज लपत नाही. विकणारा मुलगा पुन:पुन्हा गाणं लावायला हात पुढे करतो, मी थांब म्हणतो. परत येताना गर्दीत गाडी उभी असते, तेव्हा लावायचं, तेही ओळखीचं, शब्द आणि ठेका दोन्ही पाठ असलेलं.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही. इंजिनाची घरघर नाही, आयडलला करंट पडण्याची भानगड नाही, पण त्यामुळेच टायर आणि वारा जास्त उघडे पडतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जरची परवानगी मिळाली, की पावसाळ्यात एखादी मागून घेऊन चालवणार आहे. टपावर सर कोसळत असताना तिच्यात काय ऐकू येतं, ते मला बघायचंय.